तुसाची राख, गरिबाचे घरकुल आणि 'सक्षम अधिकारी'

गरिबाच्या घराचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच गोष्टींची चर्चा होते. अनुदान किती मंजूर झाले आणि हप्ता कोणी खाल्ला. या दोन्ही चर्चा झाल्याच पाहिजेत. पण ज्या वस्तूंनी घर उभे राहते त्या वस्तूंची चर्चा आपण कधीच करीत नाही. सिमेंट कशापासून बनते, त्याचा भाव कोण ठरवतो, त्याला पर्याय आहे काय आणि असल्यास तो आपल्या वस्तीपर्यंत का पोहोचत नाही, हे सारे प्रश्न आपण "इंजिनिअरचे काम" म्हणून सोडून देतो. आणि जो प्रश्न आपण सोडून देतो तो दुसरा कोणीतरी आपल्या फायद्याने सोडवून मोकळा होतो!

बाबासाहेबांनी असे प्रश्न सोडले नव्हते. व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना १९४३ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी विजेच्या प्रश्नावर धोरण समितीपुढे मांडणी केली. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, कारण त्याशिवाय उद्योगधंदे वाढणार नाहीत आणि उद्योगधंदे वाढल्याशिवाय दारिद्र्याच्या फेऱ्यातून माणूस सुटणार नाही, हा त्यांचा मुद्दा होता. वीज तयार कशी होते यापेक्षा ती कोणासाठी तयार होते, हे त्यांनी आधी विचारले. तोच प्रश्न आज सिमेंटच्या बाबतीत विचारला पाहिजे.

विषय आहे धानाच्या तुसाच्या राखेचा. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्व भाग हा आपल्या राज्याचा धानपट्टा. गावोगावी राईस मिल. धान भरडले की तांदूळ निघतो, कोंडा निघतो आणि तूस निघते. शंभर किलो धानामागे साधारण वीस किलो तूस. हे तूस जनावर खात नाही, शेतात लवकर कुजत नाही. म्हणून ते जाळले जाते. उसना तांदूळ करणाऱ्या गिरण्या ते बॉयलरमध्ये जाळतात, कोणी वीटभट्टीवर नेतो, तर कोणी नुसताच ढीग पेटवून देतो. वीस किलो तूस जळाले की मागे सुमारे चार किलो राख उरते. ही राख हलकी असते, वाऱ्यावर उडते आणि ज्या बाजूला गावाचा धनवान राहत नाही त्या बाजूला बहुधा टाकली जाते. ती बाजू कोणाची, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही.

आता या राखेत असते काय? नीट जळालेल्या तुसाच्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका असते. सिमेंटमध्ये पाणी पडले की जी प्रक्रिया होते तिच्यात घट्ट बांधणारा पदार्थ तयार होतो आणि त्याबरोबर काही चुनाही मोकळा सुटतो. हा चुना काँक्रीटच्या ताकदीत फारशी भर घालत नाही. परंतु बारीक सिलिका जवळ असली तर ती या चुन्याशी संयोग पावते आणि तोच घट्ट बांधणारा पदार्थ आणखी तयार करते. म्हणजे सिमेंटचा काही भाग काढून तिथे चांगली राख घातली तर ताकद टिकते आणि काँक्रीट अधिक भरीव होते. पाणी आणि क्षार आत शिरायला वाट कमी राहते. राख स्वतः एकटी काहीही बांधत नाही. तिला सिमेंट किंवा चुना लागतोच. हे ध्यानात ठेवले पाहिजे.

ही काही परदेशातून आलेली जादू नाही. आपल्याकडे सिमेंट येण्यापूर्वी चुना आणि भाजलेल्या विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, एकत्र मळून बांधकाम होत असे. बैल जुंपलेल्या घाणीत चुना मळला जाई. वाडे, पूल, तळी त्यावर उभी राहिली. ते वाडे बांधणारे हात वडार, बेलदार आणि गावकुसाबाहेरच्या मजुरांचे होते. वाड्यावर नाव मात्र सरदाराचे लागले. सुरखी जे काम करीत होती तेच काम तुसाची राख करते.

आधुनिक शास्त्रानेही यावर पन्नास वर्षे काम केले आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील भारतीय वंशाचे प्राध्यापक पी. कुमार मेहता यांनी १९७० च्या दशकात तुसाच्या राखेवर मूलभूत संशोधन केले. आपल्याकडे आयआयटी कानपूरमध्ये प्रा. पी. सी. कपूर यांनी तूस नीट जाळण्याची साधी भट्टी आणि राख व चुना यांपासून बांधकामाचा पदार्थ तयार करण्याची पद्धत शोधली. म्हणजे ज्ञान होते, माल होता, गरजही होती. मग अडले कुठे?

इथे कायद्याचा भाग सुरू होतो. काँक्रीटचे बांधकाम कसे करावे यासाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस ४५६ हे मानक आहे. सन २००० मध्ये त्याची चौथी सुधारित आवृत्ती आली. त्यात सिमेंटसोबत वापरता येणाऱ्या पदार्थांमध्ये फ्लाय अ‍ॅश, सिलिका फ्यूम, मेटाकाओलिन यांच्याबरोबर तुसाच्या राखेचेही नाव स्पष्टपणे आहे. अट एवढीच की राखेने अपेक्षित कामगिरी आणि एकसारखेपणा दाखवला पाहिजे आणि निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याची त्याला संमती पाहिजे. म्हणजे एकविसावे शतक सुरू होताना मानकाने दार उघडले होते. पण दाराला कडी लावण्याचे काम "सक्षम अधिकारी" या दोन शब्दांनी केले. हा सक्षम अधिकारी कोण? ग्रामपंचायतीचा ग्रामसेवक? पंचायत समितीचा अभियंता? जिल्हा परिषदेचा कार्यकारी अभियंता? घरकुलाच्या लाभार्थ्याने राख वापरायची म्हटली तर त्याने अर्ज कोणाकडे करायचा, नमुना कोणत्या प्रयोगशाळेत द्यायचा आणि तपासणीचे पैसे कोणी भरायचे? वकिलीत एक गोष्ट वारंवार अनुभवास येते. जो अधिकार "संमतीने" मिळतो आणि संमती देणारा कोण हे ठरलेले नसते, तो अधिकार कागदावरच राहतो.

याउलट दगडी कोळशाच्या राखेचे काय झाले ते पहा. औष्णिक वीज केंद्रातून निघणारी फ्लाय अ‍ॅश हाही एकेकाळी निव्वळ कचराच होता. १९९६-९७ साली देशात तिचा वापर दहा टक्क्यांच्याही आत होता. १४ सप्टेंबर १९९९ रोजी केंद्राच्या पर्यावरण खात्याने पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६ खाली अधिसूचना काढली. वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतील वीट उत्पादकांनी किमान २५ टक्के राख मिसळलीच पाहिजे आणि वीज केंद्राने दहा वर्षे ती राख फुकट दिली पाहिजे, असा दंडक घातला. २००३ साली ही मर्यादा १०० किलोमीटर झाली, २०१६ साली ३०० किलोमीटर. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने तर न वापरलेल्या राखेवर टनामागे हजार रुपये भरपाई लावली. परिणाम काय झाला? आज फ्लाय अ‍ॅशचा वापर नव्वद टक्क्यांच्या वर गेला आहे. विज्ञान तेच होते, फरक कायद्याने पाडला. कोळशाच्या राखेला कायद्याचा वाली मिळाला, शेतकऱ्याच्या तुसाला मिळाला नाही.

अर्थात फ्लाय अ‍ॅशच्या या कथेत आपल्यासाठी एक धडाही आहे. ही राख सिमेंट कंपन्यांनी उचलली आणि आपल्या पोत्यात घातली. बाजारात पीपीसी म्हणून जे सिमेंट मिळते त्यात मानकाप्रमाणे १५ ते ३५ टक्के फ्लाय अ‍ॅश असते. कचरा पोत्यात गेला, पण पोत्याचा भाव त्या प्रमाणात उतरला काय? ज्याने घर बांधले आहे त्याने स्वतःच उत्तर द्यावे. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१२ साली अकरा सिमेंट कंपन्यांना संगनमताच्या आरोपावरून सहा हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. अपिलात प्रकरण फेरसुनावणीला आले, २०१६ साली आयोगाने पुन्हा दंड केला, २०१८ साली अपिलीय न्यायाधिकरणाने तो कायम केला आणि कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंटवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. ही कपात आपल्या गावच्या दुकानदाराच्या बिलात उतरली की मध्येच जिरली, हे कार्यकर्त्यांनी जुनी-नवी बिले समोर ठेवून तपासावे.

आता सरळ हिशेब मांडू. भाषणात "निम्म्या खर्चात घर" असे सांगून टाळ्या मिळवता येतात, पण लोकांची फसवणूक होते. प्रधानमंत्री आवास योजनेचे घर किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे २६९ चौरस फुटांचे. २०१६ साली सुरू झालेल्या या योजनेत सपाट भागासाठी १ लाख २० हजार रुपये धरले गेले. पुढे राज्याने आपल्या बाजूने वाढीव अनुदान जाहीर केले. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांसाठी राज्याची रमाई आवास घरकुल योजना आहे. एवढ्या आकाराच्या पक्क्या घराला ढोबळमानाने शंभर पोती सिमेंट लागते असे धरू. पोते साडेतीनशे रुपयांचे धरले तर ३५ हजार रुपये झाले. त्यातील १५ टक्के सिमेंटच्या जागी राख घातली तर १५ पोती वाचतात, म्हणजे सव्वापाच हजार रुपये. त्यातून राख दळण्याचा आणि आणण्याचा खर्च वजा करा. हातात चार हजाराच्या आसपास उरतील. ज्या घरात मजुरीवर चूल पेटते तिथे चार हजार ही लहान रक्कम नव्हे. पण तेवढ्याने घर निम्म्या किमतीत होणार नाही. शिवाय पोत्यामागे पन्नास रुपयांची भाववाढ झाली तर शंभर पोत्यांना पाच हजार रुपये जास्त मोजावे लागतात. म्हणजे राखेने वाचवलेले भाववाढीने नेले! म्हणूनच राखेचा प्रश्न सिमेंटच्या भावापासून वेगळा काढता येत नाही.

मालाचा हिशेबही पाहू. १५ पोती म्हणजे ७५० किलो राख. त्यासाठी सुमारे १९० क्विंटल धानाचे तूस पाहिजे. ताशी दोन टन धान भरडणाऱ्या गिरणीत हे जेमतेम दहा तासांचे काम आहे. याचा अर्थ असा की, एका गिरणीचे एका दिवसाचे तूस नीट जाळले तर एका घरकुलाची राख निघते. देशाचा विचार केला तर २०२३-२४ मध्ये सुमारे १३ कोटी ७८ लाख टन तांदूळ पिकला. त्यावरून काढलेला ढोबळ अंदाज ऐंशी लाख टन राखेच्या घरात जातो. देशात वर्षाला सिमेंट बनते चाळीस कोटी टनांहून अधिक. तेव्हा तुसाची राख सिमेंट कारखाने बंद पाडणार नाही. ती धानपट्ट्यातल्या घरकुलांना, शाळेच्या कुंपणाला, गटारांना, समाजमंदिराच्या ओट्याला पुरेल. एवढे झाले तरी पुष्कळ झाले. शिवाय सिमेंट तयार करताना चुनखडी १४५० अंशांपर्यंत तापवावी लागते आणि जगाच्या एकूण कार्बन उत्सर्जनात सात-आठ टक्के वाटा सिमेंटचा आहे. तापमानवाढीने पहिला चटका बसतो तो पत्र्याच्या घरात राहणाऱ्याला. तेव्हा हा प्रश्न केवळ श्रीमंतांच्या पर्यावरणाचा नाही.

मात्र उत्साहाच्या भरात काही धोके विसरता कामा नयेत. पहिला धोका जाळण्याचा. साधारण ५०० ते ७०० अंश उष्णतेत सावकाश जळालेल्या तुसाची राख सक्रिय असते. त्याहून फार तापली की तिच्यातील सिलिकाचे स्फटिक होतात आणि चुन्याशी तिची जवळीक संपते. उघड्यावर पेटवलेल्या ढिगाची राख काळी, अर्धवट जळालेली असते. तीही कामाची नाही. म्हणून कोणत्याही गिरणीमागची राख उचलून काँक्रीटमध्ये टाकणे म्हणजे स्वतःच्या घराशी वैर करणे होय.

दुसरा धोका पोत्याचा. राखेचे हे प्रमाण साध्या ओपीसी सिमेंटसाठी आहे. गावात मिळणारे पोते बहुधा पीपीसी असते आणि त्यात आधीच राख असते. त्यात आणखी राख मिसळणारा कंत्राटदार तुमचे पैसे वाचवत नाही, तुमचे छत कमकुवत करतो. पोत्यावरची अक्षरे वाचा.

तिसरा धोका पाण्याचा. ही राख पाणी जास्त ओढते. म्हणून मिश्रण ठरवताना जाणकार हवा आणि बांधकामावर पाणीही जास्त दिवस मारले पाहिजे. आयएस ४५६ साध्या सिमेंटला किमान सात दिवस सांगते, राखमिश्रित सिमेंटला किमान दहा, आणि चौदा दिवस मारावे अशी शिफारस करते. मे महिन्यात ज्या वस्तीचे बोअर आटते तिथे चौदा दिवसांचे पाणी कोण देणार, हे आधी ठरवा.

चौथा धोका फुप्फुसाचा. स्फटिक झालेल्या सिलिकाची बारीक धूळ श्वासातून गेली तर सिलिकोसिस होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली ही धूळ कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातली आहे. राख दळणारे आणि चाळणारे हात पुन्हा आपल्याच बायाबापड्यांचे असणार. तेव्हा राख ओली करून हाताळणे, मास्क आणि वैद्यकीय तपासणी ही अट आधी, धंदा नंतर.

आणि आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. स्वस्त बांधकामाचा प्रत्येक प्रयोग गरिबाच्याच घरावर का व्हावा? कमी सिमेंट, पातळ भिंत, नवा पत्रा, नवी वीट, सारे काही "लाभार्थ्यासाठी"! अधिकाऱ्याचा बंगला मात्र उत्तम दर्जाच्या सिमेंटचा. तुसाची राख खरोखर इतकी चांगली असेल, आणि नीट तयार केली तर ती चांगली आहेच, तर तिचा पहिला वापर तहसील कार्यालयाच्या इमारतीत करा, विश्रामगृहात करा, सार्वजनिक बांधकाम विभागाच्या स्वतःच्या भिंतीत करा. तिथे ती टिकली की आम्ही आनंदाने आमच्या घरकुलात वापरू. जी वस्तू साहेबाच्या छताला चालत नाही ती रमाईच्या लेकरांच्या छताला चालणार नाही, ही भूमिका चळवळीने ठामपणे घेतली पाहिजे.

जी गोष्ट धानाची, तीच थोड्या फरकाने उसाची. साखर कारखान्यात चिपाडे जाळून वाफ आणि वीज तयार होते, मागे सिलिकायुक्त राख उरते. तिच्यात माती-वाळू अधिक आल्याने तपासणी आणखी काटेकोर हवी. पण कारखान्याच्या आवारात राखेचे ढीग आणि कारखान्याबाहेर ऊसतोड कामगार पाचटाच्या कोपीत, हे चित्र महाराष्ट्राला शोभणारे नाही. जो ऊस तोडतो त्याच्यासाठी कारखान्याच्या राखेच्या ब्लॉकची चार पक्की निवासस्थाने बांधायला कोणाची हरकत आहे?

मग मागायचे काय? सर्वोच्च न्यायालयाने चमेली सिंह प्रकरणात निवारा हा जगण्याच्या मूलभूत अधिकाराचा भाग मानला आहे. ते प्रकरणही अनुसूचित जातींच्या घरांसाठी घेतलेल्या जमिनीचे होते, हे विशेष. राज्यघटनेचे कलम ३९(ख) समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची वाटणी सर्वांच्या हितासाठी व्हावी असे सांगते. नोव्हेंबर २०२४ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने प्रत्येक खासगी मालमत्ता या कलमात बसत नाही असा निकाल दिला. त्यामुळे गिरणीवाल्याची राख सरसकट समाजाची, असे म्हणता येणार नाही, आणि म्हणण्याची गरजही नाही. लहान गिरणीवाला आपला शत्रू नाही. पोलाद कारखान्यांना उष्णतारोधक म्हणून ही राख लागते, तो ती विकत असेल तर विकू द्या. पण जी राख तो गावाच्या अंगावर फेकतो तिच्याबद्दल पर्यावरण संरक्षण कायद्याखाली फ्लाय अ‍ॅशसारखी अधिसूचना काढायला केंद्राला कोणी अडवलेले नाही.

राज्य शासनाकडे चार मागण्या आहेत. एक, आयएस ४५६ मधील संमती देणारा अधिकारी कोण हे शासन निर्णयाने जाहीर करावे आणि संमतीला मुदत घालावी. दोन, धानपट्ट्यातील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालये आणि तंत्रनिकेतनांत आयएस १७२७ प्रमाणे राखेची तपासणी घरकुल लाभार्थ्यांना विनामूल्य व्हावी. तीन, राखमिश्रित ब्लॉक आणि काँक्रीट यांचा दरसूचीत समावेश करावा. दरसूचीत नसलेली वस्तू अभियंता मोजमाप पुस्तिकेत लिहीत नाही आणि लाभार्थ्याचा हप्ता अडकतो. चार, ब्लॉक तयार करण्याचे काम कंत्राटदाराला न देता महिला बचत गटांना आणि मजुरांच्या सहकारी संस्थांना द्यावे. केरळात कोल्लम येथे १९८० च्या दशकाच्या मध्यात निर्मिती केंद्र सुरू झाले आणि तिथे स्त्रियांनाही गवंडीकाम शिकवले गेले. घरकुलाची खरी बचत पोत्यात कमी आणि मजुरीत जास्त आहे. ती मजुरी वस्तीतच राहिली पाहिजे.

बचत गटांनी मात्र एक पथ्य पाळावे. राख आणि सिमेंट मिसळून "सिमेंट" म्हणून पोत्यात भरून विकू नये. २००३ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाप्रमाणे आयएसआय चिन्हाशिवाय सिमेंट विकता येत नाही. ब्लॉक विका, सिमेंट विकू नका. मोठ्या कंपनीला कायदा वाकवता येतो, बचत गटाला तो पहिल्याच दिवशी पकडतो.

धानपट्ट्यातील कार्यकर्त्यांना सांगणे एवढेच. येत्या ग्रामसभेत ठराव मांडा. गावाजवळच्या गिरणीला प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिलेल्या संमतीपत्रात राखेची विल्हेवाट कशी लावायची लिहिली आहे, याची प्रत माहिती अधिकारात मागा. गावातला एखादा मुलगा वा मुलगी सिव्हिल इंजिनिअरिंग शिकत असेल तर त्यांना प्रकल्पासाठी हाच विषय द्या. घरकुलाच्या यादीत नाव आले म्हणून लढाई संपत नाही. भिंतीत काय जाते, त्याचे पैसे कोणाकडे जातात आणि ठरवतो कोण, इथपर्यंत आपले लक्ष गेले पाहिजे. शिकण्याचा अर्थ तोच आहे, आणि संघटित होऊन विचारल्याशिवाय सक्षम अधिकारी उत्तर देत नसतो.

जय भीम!